यान फान खोयेनची झोपडी बघताना

डच निसर्गचित्रकार यान फान खोयेनची (1596–1656) खडूची रेखाटनं बघायची तर सुरुवात मापापासून करावी. 1653 साली त्याने केलेली बहुतेक निसर्गरेखाटनं दोन मापांत बसतात. एक साधारण 17 बाय 27 सेंटिमीटर, दुसरं 11–12 बाय 19–20 सेंटिमीटर. धाकटं माप एका हाताच्या पंज्यात मावेल एवढं. तेच चित्र संगणकावर उघडलं की तिप्पट होतं, झोपडीच्या छपरावरची रेघ दोरीएवढी जाड दिसते आणि ‘किती ओबडधोबड!’ असा पहिलाच ग्रह चुकीचा होतो. म्हणून घरी बघताना फाइल उतरवून घेऊन खऱ्या मापात एक प्रत छापावी आणि ती शेजारी ठेवूनच पडद्यावर मोठं करावं. राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर अशा जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइली मोफत मिळतात.

अस्सल कागद बघायला प्रिंट रूममध्ये, म्हणजे संग्रहालयाच्या कागदावरच्या चित्रांच्या विभागात जावं लागतं. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, हार्लेमचं टेलर्स म्युझियम, पॅरिसची फोंदासिओं कुस्तोदिया, सगळीकडे रेखाटनं पेट्यांमध्ये असतात, भिंतीवर क्वचित. प्रकाशाने कागद पिवळा पडतो आणि हलके रंग उडतात, म्हणून प्रदर्शनातही 50 लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात, तोही काही महिने. मग तो कागद पुन्हा काही वर्षं अंधारात. अभ्यासिकेत वेळ आधी ठरवायची आणि चित्राचा नोंदणी क्रमांक कळवायचा. ‘फान खोयेनचं जे असेल ते दाखवा’ असं कळवलं तर हाती काहीही येतं. एका बैठकीला चार-पाच कागद पुरे. त्यांतला निदान एक दुसऱ्या कुणाचा असावा, त्याच्याच काळातल्या पीटर मोलाइनचा असला तर उत्तम, कारण दोघांचा खडू वरवर इतका सारखा की फरक शोधताना डोळा आपोआप तयार होतो.

आत पेन चालत नाही, पेन्सिलच. हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. पांढरे सुती हातमोजे कागदासाठी सहसा वापरत नाहीत. बोटांना कडेचा अंदाज येत नाही आणि कोपरा दुमडतो. चित्र जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेलं असतं, ती दोन्ही हातांनी उचलायची आणि टेबलावर सपाट ठेवायची. वाकून बघताना बोलू नये. थुंकीचा बारीकसा थेंब खडूवर पडला तर तो डाग निघत नाही.

पहिली पाच मिनिटं भिंग बाजूला ठेवावं. हातभर अंतरावरून काय दिसतं? खाली एका कोपऱ्यात गडद मातीचा उंचवटा, तिथून आत जाणारी वाळूची वाट, मध्याच्या एका बाजूला कललेली झोपडी, छपरावर वाढलेलं गवत, जवळ विहीर किंवा कबुतरखाना, दोन-तीन माणसं, लांबवर चर्चचा मनोरा. क्षितिज फार खाली असतं. कागदाच्या उंचीचा पाव ते एक तृतीयांश भाग जमीन, उरलेलं सगळं आकाश. माणसं काही विशेष करत नाहीत. एक बसलाय, एक काठी टेकून उभा आहे, गाडीवान पाठमोरा. एवढ्या थोड्या सामग्रीवर नजर किती वेळ फिरत राहते ते घड्याळ लावून पाहावं. फिरत राहते, कारण वाट तिरपी आहे आणि गडद-फिका-गडद असे टप्पे तिला आत ओढतात. पुढचा काळा उंचवटा हाताने झाकून पाहिलं की मागचं सगळं एकाच पातळीवर येतं. झोपडीपेक्षा मेहनत त्या उंचवट्याची आहे, असं आमचं मत.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यायचं आणि चित्र कोणत्या क्रमाने झालं ते शोधायचं. या रेखाटनांत खरा आनंद तिथे आहे. विषय पाच मिनिटांत संपतो, क्रम तासभर पुरतो.

खडू हा खाणीतून काढलेला मऊ, कार्बन असलेला काळा दगड. सुरीने त्याच्या कांड्या कापायच्या आणि पकडीत बसवायच्या. कागद चिंध्यांचा, तारांच्या साच्यावर केलेला, म्हणून त्यावर बारीक आडव्या तारांच्या रेषा आणि त्यांना काटकोनात दोन-अडीच सेंटिमीटरवर साखळी-रेषा असतात. कोरड्या कागदावर खडू फक्त उंचवट्यांना लागतो आणि खोलगट भाग पांढरा राहतो. भिंगाखाली अशी दाणेदार, तुटक रेघ दिसली की ती कोरड्यावर ओढलेली. त्यावरून पाण्यात कालवलेल्या काळ्या रंगाचा पातळ हात, म्हणजे वॉश, फिरला असेल तर रंग खोलगट भागात जाऊन बसतो आणि दाण्यांमधली पांढरी भोकं राखाडी होतात. वॉश ओला असताना खडू पुन्हा लावला तर रेघ सलग, दाट आणि मखमली काळी उमटते, दाणा दिसतच नाही. झोपडीच्या दाराचा अंधार, गाडीच्या चाकाखालची सावली, पुढच्या झुडपाचे दोन-तीन ठोके हे बहुधा अशा शेवटच्या हाताचे असतात. म्हणजे क्रम असा: हलका खडू, मग वॉश, मग वेचक ठिकाणी दाबून खडू. सगळ्याच कागदांवर तिन्ही पायऱ्या सापडत नाहीत. ज्यांवर तिसरी नाही ती रेखाटनं थोडी झोपलेली वाटतात.

रेघांचा वेगही वाचता येतो. झाडांच्या पानांसाठी खोयेन देवनागरी ३ सारखे लहान आकडे एकमेकांत गुंतवत जातो, मनगट न उचलता. पाण्याला आडव्या आखूड रेघा, त्यांत अंतर सोडलेलं. गवती छपराला कडेने तुटक रेघ आणि मध्ये चार-सहा तिरपे फटकारे, बास. माणसाची टोपी एक ठिपका, पाठ एक वाकलेली रेघ, पाय दोन टिंबं. त्या माणसाला चेहरा नाही, तरी तो थकलाय की निवांत आहे हे खांद्याच्या उतारावरून कळतं. कमी रेघांत हे साधतं ते पाठांतरामुळे. खोयेन ही आकृती शेकडो वेळा काढून बसलाय.

आणि इथेच ‘गावात जाऊन समोर दिसलं ते काढलं’ ही समजूत तपासून घ्यावी लागते. 1604 साली छापलेल्या ग्रंथात चित्रकार-लेखक कारेल फान मान्डरने तरुण चित्रकारांना पहाटे शहराबाहेर पडून निसर्गावरून रेखाटन करायचा सल्ला दिला होता. फान खोयेनही बाहेर जायचा. त्याच्या 1650–51 च्या स्केचबुकाची पानं जेमतेम 10 बाय 15–16 सेंटिमीटरची होती. त्यात ऱ्हाइनकाठच्या क्लेव्हकडच्या प्रवासातली रेखाटनं आहेत, आणि 1651 मध्ये ॲमस्टरडॅमजवळचा सेंट ॲन्थनी बांध फुटला त्या जागेचीही. त्या पानांवर सही नाही, सजावट नाही, वॉश थोडा किंवा नाहीच. 1653 चे कागद मात्र सही-सालासह, कडेपर्यंत भरलेले, विकायला तयार. ते घरी बसून, वहीतले तुकडे जुळवून केलेले आहेत. त्या एका वर्षाची त्याची दोनशेहून जास्त रेखाटनं शिल्लक आहेत आणि त्याच सालाची तैलचित्रं फार थोडी. 1652 ते 1654 इंग्लंडशी युद्ध चालू होतं, व्यापार मंदावला होता, चित्रांचा बाजार बसला होता. खडू आणि कागद स्वस्त पडत. खोयेनने ट्युलिपच्या सट्ट्यात आणि जमिनींच्या व्यवहारांत पैसे घातले होते आणि तो कर्जात असतानाच वारला. गरिबाची झोपडी काढणारा हात स्वतः देणेकरी होता, हे लक्षात ठेवून तो कागद बघितला तर त्यातला सफाईदार वेग वेगळा कळतो.

विकत घेणारे शहरातले. त्यांना काय नको होतं हेही चित्रातून कळतं. बेम्स्टर तलाव पवनचक्क्यांनी उपसून 1612 पर्यंत कोरडा केला गेला. तिथे पट्टीने आखल्यासारखे रस्ते, चौकोनी शेतं आणि नवी भक्कम घरं उभी राहिली. 1632 पासून ॲमस्टरडॅम आणि हार्लेमदरम्यान घोड्याने ओढायच्या होड्यांचा सरळसोट कालवा सुरू झाला. देशाचा पैसा यात गुंतला होता, पण चित्रात यातलं फारसं काही येत नाही. येतात ती वाळूच्या टेकड्यांची कडा, खचलेली कुंपणं, शेवाळलेली छपरं. हॉलंडचा शेतकरी त्या काळच्या युरोपात तसा बरा होता. दूध-लोणी-चीज बाजारात विकत होता. म्हणजे चित्रातलं दैन्य हे बऱ्याच अंशी निवडलेलं आहे. ते खोटं म्हणता येणार नाही, अशा झोपड्या होत्याच. पण निवड कुणाची आणि कुणासाठी, हा प्रश्न झोपडीसमोर उभं राहून विचारायला हरकत नाही.

शेतातले तपशील नीट पाहिले की काढणाऱ्याने खरं किती पाहिलंय ते कळतं. गवताची गंजी असेल तर तिला चार-पाच खांब आणि त्यांवर वर-खाली सरकवता येणारं छप्पर असतं. गवत संपत जाईल तसं छप्पर खाली घ्यायचं. जाणकाराच्या रेखाटनात खांब छपराच्या वर निघालेले दिसतात. नकलाकाराच्या हातून ते हमखास छपरालाच थांबतात. विहिरीवरची लाट, म्हणजे पाणी काढायचं लांब आडवं लाकूड, कुठे टेकलंय आणि त्याच्या मागच्या टोकाला वजन आहे का तेही पाहावं.

तुलनेसाठी रेम्ब्रांचं (1606–1669) एखादं पान शेजारी मागवलं तर फरक ठळक होतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं झाडांतल्या झोपडीचं रेखाटन साधारण 1648–50 चं आहे, तपकिरी शाई आणि तपकिरी वॉश, कागदालाही आधी तपकिरी हात दिलेला. तो ॲमस्टेल नदीकाठी आणि दीमरच्या बांधावर पायी फिरून काढत असे. अशा पानांवर बोरूची जाड, कोरडी, मध्येच फुटणारी रेघ आणि पिसाच्या लेखणीची बारीक रेघ शेजारी शेजारी सापडतात. खोयेनकडे वातावरण आधी आणि घर नंतर. रेम्ब्रांकडे घराचं वजन आधी, झाड त्याला चिकटून, आणि पलीकडचा सपाट मुलूख दोन रेघांत. त्याच्याआधी उट्रेख्टच्या आब्राहाम ब्लूमार्टने पडक्या घरांची रेखाटनं केली, ती भेगा आणि लोंबत्या वाशांच्या हौसेने. मला ती नाटकी वाटतात, पण फळ्या एकमेकींत कशा बसवायचे ते त्यांच्यावरूनच शिकावं.

तपकिरी शाई दोन जातींची. एक लाकडाच्या काजळीचा अर्क, तो एकसारखा पिवळट तपकिरी. दुसरी मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. बाळगुटीतलं मायफळ तेच. ही शाई लिहिल्यावर काळी होते आणि काही शतकांत तपकिरी पडते, आणि तिच्यातलं आम्ल व लोह कागद खातं. रेघेभोवती फिकट तपकिरी वलय, मागच्या बाजूला उमटलेली रेघ, जाड फटकाऱ्यात पडलेल्या चिरा ही तिची लक्षणं. प्रयोगशाळेत अवरक्त प्रकाशाखाली काजळाची, म्हणजे शुद्ध कार्बनची शाई काळीच राहते आणि मायफळाची फिकी पडत जाते. पांढऱ्या दुरुस्त्या असतील तर त्या शिसेयुक्त पांढऱ्या रंगाच्या, आणि त्या काळ्या पडलेल्या असू शकतात. हवेतल्या गंधकाने तो रंग काळवंडतो. अशा काळ्या डागांना सावली समजून चित्राचा अर्थ लावला की सगळंच उलटं होतं.

यानंतर दिवा बाजूला न्यावा. टेबलाला जवळजवळ समांतर, एका बाजूने प्रकाश टाकला की घड्या, दाबलेल्या रेघांच्या खाचा आणि कागद पाण्याने फुगलेली जागा दिसते. मग अभ्यासिकेतल्या माणसाला सांगून कागद चौकटीतून सोडवून घ्यायचा आणि प्रकाशाच्या पातळ तक्त्यावर धरायचा. स्वतः सोडवायला जाऊ नये, बिजागरीची जपानी कागदाची पट्टी चुरगळते. पाण्याची खूण दिसली तर ती साखळी-रेषांपासूनच्या अंतरासकट मोजून घ्यावी. विदूषकाची टोपी, ॲमस्टरडॅमची तीन क्रॉसची मुद्रा, मुकुटाखालचं कमळासारखं फूल अशा खुणा वारंवार भेटतात. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हॉलंडमधला चांगला पांढरा कागद बराचसा फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनीतून यायचा, त्यामुळे डच खूण नाही म्हणून शंका घेण्याचं कारण नाही. लहान कागदावर खूण अर्धीच येते किंवा येतच नाही. मोठा ताव कापून चार केले की एकाच तुकड्यावर जाते.

पाठ बघणं कधी चुकवू नये. संग्राहकांचे छोटे शिक्के तिथे किंवा समोरच्या कोपऱ्यात असतात. फ्रिट्स लुख्ट या डच संग्राहक-अभ्यासकाने 1921 मध्ये त्यांची सूची छापली आणि शिक्का आजही त्याच्या क्रमांकाने ओळखतात. इंग्लंडमधला चित्रकार-संग्राहक सर पीटर लेलीचा ‘पीएल’ म्हणजे लुख्ट 2092. शिक्का सापडला म्हणजे चित्र अस्सल असं मात्र नाही. जुन्या संग्राहकांच्याही गफलती होत्या, आणि शिक्केही बनावट असतात. कडेने शाईची चौकट आहे का आणि ती कापली गेली आहे का तेही बघायचं. सही अर्धी कापलेली असेल तर तो कागद मुळात मोठा होता आणि आता दिसणारी मांडणी चित्रकाराची नाही.

फसवणाऱ्या गोष्टी दोन-तीनच आहेत, पण पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिली, ओल्या कागदावर खडूचं चित्र दाबून घेतलेला उलटा ठसा. त्यात रेघा फिक्या, चपट्या, दाण्याशिवाय. उजव्या हाताने ओढलेल्या सावलीच्या तिरप्या रेघा खाली डावीकडून वर उजवीकडे जातात. ठशात त्या उलट कलतात. ठशावर नंतर सुलटी सही घातलेली आढळते, तेव्हा सहीवर विसंबू नये. दुसरी, नंतर कुणीतरी ‘उठाव यावा’ म्हणून मारलेला वॉश. तो खडूच्या आकाराला धरून राहत नाही, कडेला पाण्याची कड सोडतो आणि बहुधा आकाशात असतो. तिसरी, कॉर्नेलिस प्लोस फान ॲम्स्टेलने 1765 पासून केलेल्या छापील प्रतिकृती. ओस्टाडे, ॲवरकाम्प या सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची रेखाटनं त्याने रंगासकट ताम्रपटावरून इतकी हुबेहूब छापली की चौकटीत लावलेली प्रत चटकन ओळखता येत नाही. भिंगाखाली रंगाचे बारीक छापील कण दिसतात, आणि मागे त्याचा शिक्का असतो. मागे कागद चिकटवलेला असेल तर तो झाकला जातो.

एवढं झालं की नक्कल करायला बसावं. चित्रकार होण्यासाठी हे करायचं नाही. क्रम डोक्यात बसतो तो हातामुळेच. छापलेल्या प्रतीवरून, त्याच मापात, 12 बाय 19.5 सेंटिमीटर. कागद चिंध्यांचा आणि खळ नीट दिलेला हवा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद घेतलात तर शंभर ग्रॅमच्या आसपासचा पातळ निवडा. खळ कमी असेल तर वॉश लगेच शोषला जाऊन ठिपके पडतात. कोपऱ्यावर एक थेंब टाकून मिनिटभर थांबलं की कळतं. खाणीचा काळा खडू सहज मिळत नाही. काँते प्रकारची काळी कांडी किंवा काळ्या खडूची पेन्सिल चालते. ग्राफाइट नको, ते चकाकतं. जळक्या लाकडाचा कोळसा तर मुळीच नको, ब्रश लागताच सुटून तरंगतो आणि सगळं आभाळ मळतं.

लॅम्प ब्लॅक, म्हणजे काजळीचा काळा जलरंग अर्ध्या वाटाण्याएवढा घेऊन 5 मिलिलिटर पाण्यात कालवावा. हा गडद हात. यातला 1 मिलिलिटर घेऊन 4 मिलिलिटर पाण्यात घालायचा, तो मधला. त्यातला पुन्हा 1 मिलिलिटर 4 मिलिलिटर पाण्यात, तो फिका. आधी खडूने क्षितिज, मग वाटेची तिरपी रेघ, मग झोपडीचा ढाचा. दहा मिनिटांच्या वर जाऊ नये, नाहीतर रेघ घाबरट होते. फळी एका बाजूने बोटभर उचलून, चार नंबरच्या गोल ब्रशने फिका हात वरून खाली. साचलेला थेंब कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यायचा, नाहीतर वाळल्यावर कड उरते. मधला हात छपराच्या सावलीच्या बाजूला आणि झाडांखाली. गडद हात फक्त पुढच्या उंचवट्याला. तो ओला असतानाच खडूचे शेवटचे ठोके, सात-आठ, जास्त नाहीत.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. छपराची वरची रेघ सरळ येते. तिला मध्ये पोक हवा. मागच्या झाडांवर गडद रंग जातो आणि खोली संपते. झोपडीच्या भिंतीला सावली घातली जाते, तेव्हा मूळ बघावं: भिंत बहुतेक वेळा कोरा कागदच असते. माणसं मोठी होतात. मूळ चित्रात ती झोपडीच्या दारापेक्षा किती लहान आहेत ते कर्काटकाने मोजून घ्यावं. आणि आकाशात काहीतरी घालायचा मोह होतो; दोन-तीन पक्षी, ढगाच्या खालच्या कडेला एक फिका फटकारा, याच्या पलीकडे खोयेन क्वचित जातो.

पूर्ण झालेली नक्कल मूळ छापील प्रतीशेजारी उलटी धरून बघावी. डोकं खाली पाय वर केल्यावर झोपडी, माणूस, गाडी यांची नावं विसरतात आणि फक्त काळ्या-पांढऱ्याची वाटणी दिसते. चूक कुठे झाली ते तिथेच सापडतं. सही मात्र उतरवू नये. मागे पेन्सिलने स्वतःचं नाव, तारीख, ‘नक्कल’ हा शब्द आणि मूळ कागदाचा नोंदणी क्रमांक लिहून ठेवावा.